मार्टोनच्या हंसाचं हाड

एमोकेने तळघरातल्या आकड्यावरून हंस उतरवला, फ्रीजरमध्ये कोंबला आणि वर गोठलेल्या वाटाण्याच्या पिशव्या रचल्या. झाकण लावण्याआधी तिने जिन्याकडे कान दिला. चाळिशी उलटलेली बाई, पण आईच्या घरात लबाडी करायची म्हटलं की माणूस पुन्हा लहानच होतं.

नोव्हेंबरातल्या संत मार्टोनच्या सणाचा हंस कुणी फ्रीजरमध्ये ठेवत नाही. पिसं काढून तो तळघराच्या गारव्यात टांगायचा आणि सणाच्या दिवशी भाजायचा. जेवण झालं की छातीचं हाड उजेडात धरायचं. पांढरं निघालं तर बर्फाचा कडक हिवाळा. काळपट निघालं तर नुसता चिखल, थंडी बेताची. आणि हे हाड वाचावं तर एमोकेच्या आईने, रोझालियानेच, असं सगळं गाव मानायचं.

"अगं ए!" वरून काठी आपटत रोझालिया ओरडली. "कोबी आणायला गेलीयस की पेरायला?"

"आले गं, आले!"

गेल्या हिवाळ्यात म्हातारी अंगणात बर्फावरून घसरली होती. शेजारणीची नजर गेली म्हणून वाचली, पण कंबर कामातून गेली आणि तळघराच्या पायऱ्या कायमच्या बंद झाल्या. तेव्हापासून एमोकेचं एकच टुमणं, ग्योर शहरात माझ्या फ्लॅटवर चल. आई ऐकेल तर शपथ! शेवटी तिनेच तोडगा काढला. "हाडाला विचारू. पांढरं निघालं तर मुकाट्याने तुझ्याबरोबर येते. काळं निघालं तर मला इथून हलवायचा विषय बंद." एमोके मनातून खूश झाली होती. यंदा कांद्यांच्या साली जाड निघाल्या होत्या, म्हणजे कडक हिवाळ्याची खूणच. हाड पांढरंच निघणार, असं जो तो म्हणत होता.

पण हंस फ्रीजरमध्ये जाण्याच्या आदल्या संध्याकाळी सगळं फिसकटलं. अंगणात धुकं इतकं उतरलं होतं की कुंपण दिसेना, विहीर दिसेना. पायरीवर आई बसली होती आणि राहिलेले हंस तिच्या पायांशी येऊन हळू आवाजात काहीबाही बोलत होते. आईही त्यांच्याशी बोलत होती. कुणाचं कुणाला कळत होतं कोण जाणे, पण बोलणं काही थांबत नव्हतं. मधेच तिने विचारलं, "तुझ्या खिडकीतून काय दिसतं गं?"

"समोरची खिडकी."

"आणि तिच्यातून?"

"माझी."

आई हसली नाही. पुन्हा धुक्याकडे बघत बसली. या बाईला इथून उचलून न्यायचं म्हणजे तिला जिवंतपणीच पुरायचं, असं एमोकेला वाटून गेलं.

तेव्हाच तिला बाबांचं गुपित आठवलं. ती लहान असताना वेंडेलने, म्हणजे तिच्या बाबांनी, सणाचा हंस चुकून फ्रीजरमध्ये ठेवला होता. गोठून सुटलेल्या हंसाचं हाड काळं पडतं. आईने ते हाड बघून बेताची थंडी सांगितली आणि त्या वर्षी बर्फ खिडक्यांपर्यंत चढला. गावाने तिची किती टर उडवली! "आईला सांगायचं नाही हं," बाबांनी बजावलं होतं. बाबा गेले आणि गुपित एमोकेजवळ राहिलं.

सणाच्या आदल्या दिवशी तिने दगडासारखा हंस बाहेर काढून पुन्हा आकड्याला टांगला. सकाळी तो मऊ झाला होता. आईने त्याला आतून बाहेरून मीठ चोळलं, पोटात सफरचंदं आणि मरवा भरला आणि भट्टीत सरकवला. मग दिवसभर घरात दुसरं काही नव्हतंच. चरबी चुरचुरत होती, काचा वाफेने आंधळ्या झाल्या होत्या आणि मरव्याच्या वासात घर धुक्यावर तरंगत होतं. आई मधूनमधून उठून चमच्याने चरबी हंसाच्या अंगावर सोडायची. कातडी सोनेरी होत गेली. भाजणं झाल्यावर उरलेली चरबी तिने पावाला लावायला बरणीत ओतली.

जेवायला नवी वाइन, लाल कोबी, कुरकुरीत कातडी.

आईने हाड काढलं, पुसलं आणि खिडकीशी जाऊन उजेडात धरलं. पिकल्या आलुबुखारासारखं काळं होतं ते. ती ते बराच वेळ उलटंसुलटं करत राहिली.

"पांढरं," आई म्हणाली. "इतकं पांढरं हाड मी उभ्या जन्मात पाहिलं नाही. चल, माझी उशी बांधायला घे."

"आई, डोळे गेले का तुझे? काळं ठिक्कर आहे ते!"

"फ्रीजरमध्ये कोंबल्यावर दुसरं काय होणार?"

आई सावकाश खुर्चीत बसली. हाड अजून तिच्या हातातच होतं.

"त्या वर्षी मी अंथरुणाला खिळले होते. एवढा हिवाळा काही मी काढत नाही, असं धरूनच चालले होते. हाड काळं निघावं आणि मला धीर यावा म्हणून तुझ्या बापाने हंस गोठवला. चुकून म्हणे! हाड हातात घेतल्या घेतल्या मला कळलं होतं. गावात हसं करून घेतलं, पण त्याला कळू दिलं नाही."

"मग आता...?"

"आता काय? माझ्यासाठी असली लबाडी करणारं माणूस ज्या घरात आहे, त्या घराच्या खिडकीतून काही दिसलं नाही तरी चालेल मला."