तू कुणाची गं?

शेलीनला मुलगी झाली आणि तासाभरात बालकल्याण खात्याच्या बाई कॅनडातल्या विनिपेगच्या त्या हॉस्पिटलात हजर. एका हातात बाळाला उचलून न्यायला गाडीत लावायची सीट, रिकामी. शेलीन स्वतः सरकारी सांभाळात वाढलेली, म्हणजे तिला मूल सांभाळता येणारच नाही, असा यांचा हिशोब!

बाईंनी दार उघडलं, तर आत आम्ही पाच मावश्या, व्हर्ना आजी आणि सुपाचं भलंमोठं पातेलं.

"बाळाची आई कोण?"

"आम्ही सगळ्याच," मी म्हटलं. "आम्हा क्री आदिवासींत मावशीलाही आईच म्हणतात. आता बसा एकेकीला तपासत!"

आजीने मात्र कुणाही नवख्याला विचारते तेच विचारलं, "ते राहू दे. तू कुणाची गं?"

"मी कर्स्टन पेनर."

"नाव गोऱ्यांचं आणि तोंडवळा आपला? आई कोण तुझी?"

बाई बाळाकडे बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "माहीत नाही. मलाही असंच हॉस्पिटलातून उचलून नेलं होतं."

आजीने त्यांच्या हातातली सीट काढून खाली ठेवली. "डोरीन," ती मला म्हणाली, "सूप वाढ हिला. हाडं दिसतायत पोरीची."



दोन दिवसांनी त्याच सीटमधून बाळ आमच्या घरी निघालं, तेव्हा त्याच्या शेजारी कुणी बसायचं यावरून सहा मावश्या भांडत होत्या, आणि सगळ्यात मोठा आवाज कर्स्टनचा होता.