राणीच्या मानेवरची खोक

"हे खाली पडलंय," भिंगावरून नजर न काढता नाण्यांचा पारखी म्हणाला.

"पडलंय ना," बाई म्हणाल्या. "शेकडो वेळा."

शेजारच्या खुर्चीवर दादाने डोळे मिटून घेतले. वडिलांच्या आठ चांदीच्या नाण्यांपैकी सात त्याच्या निळ्या मखमली डबीत होती, चाळीस वर्षांत बोट न लागलेली. आठवं, सगळ्यांत मोठं, धाकट्या बहिणीच्या वाट्याला गेलं, आणि बहीण पडली शाळेतली खेळाची बाई. एकतीस वर्षं तिने त्या नाण्याने पोरींच्या हॉकीची नाणेफेक केली. राणी की ढाल, एवढाच त्या पोरींना त्याचा इतिहास.

पारख्याने नाणं काट्यावर तोललं, मग दोन बोटांत उभं धरून दिव्याखाली सावकाश फिरवलं. "व्हिक्टोरिया राणीचा चलनातला क्राउन, म्हणजे पाच शिलिंगांचं रोजचं नाणं असतं तर कडेवर अक्षरं असती. ह्याची कड कोरी आहे. झिजलंय, पण हे प्रूफच. ठसे आरशासारखे घासून मोजकीच नाणी काढायचे, नुसती बघायला. हातात घ्यायचं नसतं हो हे."

"मग वडिलांनी माझ्या हातात कशाला दिलं?" बाईंनी विचारलं.

पारख्याने थेट किंमत सांगितली. डबीत राहिलं असतं तर चांगल्या वस्तीत घर झालं असतं. आता जेमतेम दहावा हिस्सा, आणि हे असं आठवं नाणं शेजारी ठेवलं तर बाकीच्या सातांचा भावही पडणार.

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "घर भिरकावत होतीस तू मैदानात."

पारखी पुन्हा भिंगात वाकला. "राणीच्या मानेवर ही खोक कसली?"

"पॅव्हेलियनची पायरी. उपांत्य सामना होता. आमची गोलकीपर हात गळ्यात बांधून उभी राहिली होती त्या दिवशी."

"आणि कडेला हा पोचा?"

"रोलर गेला वरून."

पारख्याने भिंग खाली ठेवलं. दादाने घसा खाकरला. "घासून नीट करता येईल ना? तुमच्या ओळखीत असेल कुणी."

पारख्याने एकदा दाराकडे पाहिलं आणि आवाज उतरवला. "आहे एक कारागीर. खोक भरून देईल, आरशासारखी झळाळीही परत आणेल. आठही नाणी मूळ अवस्थेत, असं मी लिहून देतो. गिऱ्हाईक परदेशातलं आहे, फोटो बघून घेणारं." त्याने एक छापील फॉर्म पुढे सरकवला. "मालक दोघं, म्हणून सह्या दोघांच्या. दोषांचा रकाना कोरा ठेवायचा."

"अर्धे पैसे तुझे," दादा म्हणाला. "भाड्याच्या दोन खोल्यांतून सुटशील. सहासष्टाव्या वर्षी तरी जरा शहाण्यासारखं वाग."

बाईंना घर हवं होतं. नको कशाला असेल? आताच्या स्वयंपाकघराला खिडकी नव्हती आणि घरमालक दर वर्षी भाडं वाढवताना त्यांच्यावर उपकार केल्यासारखं बोलायचा. पण खोक भरून टाकायची म्हटल्यावर त्यांना राग आला. चेंडूला पाय लागला तर शिट्टीची वाट बघायची नाही, आपणहून हात वर करायचा, हे त्यांनी हजारभर पोरींना शिकवलं होतं. चुकून हरलेल्यांना त्यांनी जवळ घेतलं होतं, लपवून जिंकलेल्यांना कधीच नाही.

त्यांनी फॉर्म ओढला, चष्मा लावला आणि दोषांच्या रकान्यात फळ्यावरच्या ठसठशीत अक्षरांत लिहायला घेतलं. लिहिता लिहिता मोठ्याने वाचलंही. "एक. मान: पॅव्हेलियनची पायरी. दोन. कड: रोलर."

"अगं, काय करतेस?" दादा खुर्चीतून अर्धा उठला. "हे वाचून कोण घेणार?"

"ज्याला घ्यायचंय तो घेईल. डबीत ठेव की खुशाल, मी कुठे अडवतेय? पण ह्या कागदासकट. कोऱ्या रकान्याखाली माझी सही मिळायची नाही."

"घर जाईल हातचं."

"जाऊ दे. तीन. ढालीवरचे ओरखडे: माझ्याच बुटाचे खिळे."

"वेड लागलंय तुला."

"लागलंय. तू सही केव्हा करतोस ते सांग."

पारख्याने दुसरा, कोरा फॉर्म हळूच टेबलावर सरकवला. बाईंनी तिकडे न बघताच तो कोपराखाली दाबून धरला. दादाने त्या कोपराकडे बघितलं आणि तो पुन्हा खुर्चीत बसला.

"बाई, त्या रकान्यात तीनच ओळी मावतात," पारखी म्हणाला. "जागा संपली."

बाईंनी कागद पालथा केला, डावीकडे नीट समास सोडला आणि लिहिलं: चार.