आत हात लावायचा नाही

"पोरगा तुमच्या कारखान्यात मेला, साहेब, आणि त्याची गाडी तुम्ही दोन वर्षं गेटबाहेर उन्हापावसात सडवलीत! आता निदान ती तरी जशीच्या तशी पाठवा." आईनं एवढं सुनावलं आणि उत्तराची वाट न बघता फोन आपटला.

गाडी कसली, लोखंडाचं मढंच झालं होतं. किल्ली फिरवली तरी हूं की चूं नाही. पण तिला कुठे चालवायची होती? लेकानं शेवटची सोडली तशी ती हवी होती. गाडी आणणाऱ्या ट्रेलरवाल्यालाही तिनं बजावलं होतं, "पुसायचीसुद्धा नाही. आत हात लावायचा नाही."

एवढा मुलूख ओलांडून गाडी दारात उतरली. "मावशी, बघून घ्या," ट्रेलरवाला म्हणाला. "त्यांचा गॉगल, पाण्याची बाटली, सगळं जागच्या जागी."

ती लेकाच्या सीटवर जाऊन बसली. पोरगा ताडमाड उंच. या सीटवरून तिचे पाय ब्रेकपर्यंत कधी पोचलेच नव्हते. तो हसायचा, "आई, तू आधी मोठी हो!"

आज पाय सहज पोचले.

"गाडी बंद ना, मावशी. ट्रेलरवर ओढताना स्टिअरिंग धरायला आत बसावंच लागतं," ट्रेलरवाला ओशाळला. "माझे पाय पुरेनात, म्हणून सीट तेवढी पुढे घेतली. थांबा, मागे करून देतो."

तिनं त्याची बाही घट्ट धरली.



"किती मागे? अरे, नक्की किती मागे होती? सांग ना!"