किती असेल हो?

फोन आला तेव्हा मोजणीदारांच्या डाव्या मनगटावर एक घड्याळ होतं आणि उजव्या मनगटावर दुसरं.

दुकानातली मुलगी हाताची घडी घालून समोर उभी होती. मोजणीदार याआधीही येऊन गेले होते, दर वेळी "बघतो, कळवतो" म्हणून. आता ती त्यांच्याशी घरच्यासारखी बोलायला लागली होती.

"काका, दोन्ही गोल्फचीच आहेत. मैदानात पाय ठेवला की आपोआप मोजायला लागतात. चेंडूपाशी उभं राहायचं, भोकावरचा झेंडा किती लांब आहे ते काचेवर येतं. आणखी काय हवं?"

"याचा पट्टा कडक आहे. आणि याचे आकडे बारीक, तिला दिसायचे नाहीत."

"मागच्या वेळी तुम्हीच म्हणालात, फार मोठे आहेत, भिंतीवरच्या घड्याळासारखे!"

मोजणीदार हसले. सकाळी बायकोनेही असंच धारेवर धरलं होतं. काठ्यांची पिशवी खांद्याला लावत म्हणाली होती, "घड्याळ बघताय की जावई? आज घेऊनच या. माझ्यामागे मैदानावर येऊ नका." मग दारातून वळून, "घड्याळ आलं की तुमची नोकरी जाईल, म्हणून चाललंय हे सगळं. कळतं मला."

चेष्टाच ती, पण नेमकी वर्मी बसली होती. जन्मभर जमिनी मोजलेला माणूस, निवृत्त झाल्यावर त्याच्या नजरेला बायको हे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. तिला झेंडा दिसायचा, पण तो किती लांब ते उमगायचं नाही. चेंडूपाशी उभी राहून, मागे न बघताच ती विचारायची, "किती असेल हो?" मोजणीदार एक डोळा मिटून आकडा सांगायचे. ती मारायची. चेंडू बऱ्याचदा झेंड्याच्या पार पलीकडे जायचा, कधी तळ्यात. "वारा होता," ती म्हणायची. घड्याळ आलं की ती मनगटाला विचारणार होती.

फोनवर डॉक्टरीणबाई होत्या, बायकोबरोबर रोज खेळणाऱ्या. एरवी त्यांचं बोलणं मारुतीच्या शेपटासारखं लांबायचं. आज म्हणाल्या, "तुम्ही या." आणि थोडं थांबून पुन्हा, "या."

मोजणीदार तसेच निघाले. मुलगी "काका, घड्याळं" एवढंच म्हणाली आणि तिने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिनेच पुढे होऊन दार उघडून धरलं.

गाडी सिग्नलला थांबली तेव्हा डावं घड्याळ थरथरलं. काचेवर अक्षरं आली : ठोके वाढले आहेत, थोडा वेळ बसा. ते बसलेलेच होते.

मैदानालगतच्या खोलीत तिला बाकावर निजवलं होतं. कुणीतरी तिचे बूट काढून खाली जोडीने ठेवले होते. डॉक्टरीणबाईंच्या पँटचे गुडघे गवताने हिरवे झाले होते.

"खूप वेळ छाती दाबत राहिले मी," त्या म्हणाल्या. "नाही आली हो परत."

मोजणीदार तिच्या पायाशी बसले. एक मोजा टाचेखाली घसरला होता, तो त्यांनी नीट वर ओढला. मग विचारलं, "कुठे?"

दोघं गवतातून चालत गेले. उतार संपतो तिथे चेंडू पडलेला होता. शेजारी तिची काठी आडवी. कुणी हात लावला नव्हता.

"इथेच उभी होती," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मला विचारलं, किती असेल गं? मी म्हटलं, असेल शंभर-दीडशे. तर म्हणते कशी, शंभर-दीडशे काय, मिरच्या घेतेय का मी?" त्या हसायला गेल्या आणि हसू तसंच राहिलं. "मी म्हटलं, आता घड्याळ येतंय ना तुझं. तर म्हणाली, माझं कुठलं? यांच्याच हातात बांधणार आहे. हल्ली त्यांचे आकडे चुकतात. त्यांना कळलं तर जिवाला लावून घेतील. घड्याळात बघून सांगू देत, मी विचारणार त्यांनाच."

मोजणीदारांनी झेंड्याकडे पाहिलं. सवयीने एक डोळा मिटला. दीडशे यार्ड, त्यांचा हिशेब पक्का होता.

मग त्यांनी मनगटं पुढे केली. डाव्यावर एकशे बारा यार्ड होते. उजव्यावर एकशे तेरा.

त्यांनी पुन्हा झेंड्याकडे पाहिलं, पुन्हा मनगटांकडे. लांबवर तळ्याचं पाणी दिसत होतं. झेंडा काठीला चिकटून निपचित लोंबत होता. पान हलत नव्हतं.

डॉक्टरीणबाई वाकल्या. "चेंडू उचलू का?"

"नको, असू द्या," मोजणीदार म्हणाले. "तिला आकडा सांगायचा राहिलाय."