निळ्या माशापाशी वळायचं

हिची, माझ्या बायकोची, स्मरणशक्ती पुसट होत चाललीय, तरी मुलगी "बाबा, आता आमच्याकडे राहायला या" म्हणते तेव्हा मी हटकून नाही म्हणतो. आमच्या गल्लीत दुकान, वाचनालय, दवाखाना सगळं पायी पाच मिनिटांवर आहे, आणि भिंतीभिंतीवर माझ्या चित्रकलेच्या वर्गातल्या पोरांनी काढलेली चित्रं आहेत. घराचा नंबर ही केव्हाच विसरली. पण "निळ्या माशापाशी वळायचं, लाल छत्रीपाशी आपलं दार" असं घोकत रोज एकटी जाऊन दूध आणते.

आज तिला जाऊन दोन तास झाले. दुकानदार म्हणाला, "काकू तर केव्हाच गेल्या की हो!" वाचनालय पाहिलं, दवाखाना पाहिला. शेवटी तिला हाका मारत मी कोपऱ्यापर्यंत धावलो.

रंगाने माखलेली पोरं टाळ्या पिटत ओरडली, "आजोबा, सरप्राइज! मासा पुसून हत्ती काढला. तुम्हीच सांगता ना, जुनंच गिरवत बसू नका! आजींना तर आपली गल्ली ओळखूच आली नाही, सरळ पुढे निघून गेल्या!"