बत्तीस नंबर

"अंकल, स्पोर्ट्स ब्रा है?" ऋतानं खणखणीत आवाजात विचारलं, आणि तिच्या आईला, चारुलताबाईंना, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

देवास गेटजवळच्या या दुकानात त्या लग्नापासून येत होत्या, पण बावीस वर्षांत त्या वस्तूचं नाव त्यांनी एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. त्या नुसतं 'वही वाला', म्हणजे तो नेहमीचाच, एवढंच म्हणायच्या. दुकानदार श्रीनाथजी छताकडे बघत बत्तीस नंबरचा डबा काढायचे, माल वर्तमानपत्रात गुंडाळायचे, झाला व्यवहार. हा बत्तीस नंबर थोरल्या जाऊबाईंनी लग्नाच्या खरेदीत नुसत्या नजरेनं ठरवला होता. पुढे दोन बाळंतपणं झाली, ब्लाउज चारदा उसवून सैल केले, नंबर मात्र गोत्रासारखा कायम राहिला. ऋता मोठी झाली तेव्हा तिलाही तोच लागला.

ऋता परवा गढवालला निघणार होती, अकरा दिवसांच्या ट्रेकला. मागच्या वर्षी पचमढीहून ती अर्ध्यातूनच परत आली होती. पोट बिघडलं असं सगळ्यांना सांगितलं, आणि बरोबरची मुलं म्हणाली, लडकियों के बस का नहीं. खरं काय ते तिच्या डोक्याला तेल लावताना चारुलताबाईंना दिसलं. सॅकच्या ओझ्याखाली ब्राच्या पट्ट्या रुतून दोन्ही खांदे सोलवटले होते, पाठीवर हुकानं जखम केली होती. तेव्हा त्या म्हणून गेल्या, "बाईच्या जातीला एवढं सोसावंच लागतं." ते वाक्य त्यांना स्वतःलाच वर्षभर टोचत राहिलं. पोर पुन्हा अर्ध्यातून परतली तर परत कधी डोंगराचं नाव काढणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर आज मान खाली घालून का होईना, त्या सोबत आल्या होत्या.

श्रीनाथजींनी आधी लेसचे नग दाखवले, मग चमकणारे, मग आणखी लेसचे. शेवटी नाइलाजानं इंदूरहून नमुन्याला आलेला एक डबा खाली काढला. आत दोनच नग होते. हुक नाही, लेस नाही, खांद्यावर रुंद पट्ट्या आणि त्या पाठीवर एकत्र आलेल्या. हे इथे कोण घेणार, म्हणून डबा सहा महिने वरच पडून होता. पण हे चौतीसचे आहेत, बिटियाचा तर बत्तीस, असं म्हणत ते झाकण लावायला लागले. ऋता म्हणाली, घालून बघते. दुकानात घालून बघायची सोयच नव्हती. आजवर कुणाला तशी गरजच पडली नव्हती.

"ऊपर भेज दो," जिन्यातून आवाज आला. श्रीनाथजींचं घर दुकानाच्या वरच होतं, आणि त्यांच्या पत्नीला, दुर्गाबाईंना, खालचं सगळं ऐकू यायचं.

वर गेल्यावर दुर्गाबाईंनी शिलाई मशीनवरचा फीता उचलला आणि ऋताचं माप घेतलं. चौतीस भरलं. बत्तीस कुणी सांगितलं, असं त्यांनी विचारलं. जाऊबाईंचं नाव काही चारुलताबाईंच्या तोंडून निघेना.

ऋता आतून घालून आली आणि इकडे तिकडे हात फिरवून म्हणाली, बसलंय तर नीट, पण ओझं उचलल्याशिवाय काय कळणार? पाठीवरची सॅक तिनं मुद्दाम आणली होती. दुर्गाबाईंनी कोठीतले दहा किलो गहू तिच्यात ओतले. पोरगी गच्चीपर्यंत चढली, धावत उतरली, पुन्हा चढली. चारुलताबाई खाली उभ्या राहून महाकाळाला साकडं घालत होत्या. असल्या कामासाठी त्याला साकडं घालायची त्यांची ही पहिलीच वेळ.

तिसऱ्या खेपेला ऋता घामेजून उतरली, लालबुंद झालेली आणि हसरी. "आई, पताच लागत नाहीये काही. मी जाऊ शकते."

चारुलताबाईंनी पदरानं तिचा घाम टिपला. एवढीशी तर गोष्ट होती, आणि तिच्यापायी पोर वर्षभर स्वतःला नाजूक समजत राहिली.

"अब आप आओ," दुर्गाबाई म्हणाल्या. चारुलताबाई नाही नाही म्हणेपर्यंत फीता फिरलासुद्धा. छत्तीस. ब्लाउजचा गळा खांद्यावरून जरा सरकला, तेव्हा ऋताला ते दिसलं. आईच्या खांद्यावर बोट बसेल एवढी काळी खाच पडलेली होती, नेमकी तिच्या जखमेच्या जागी.

"दुखत नाही गं आता," चारुलताबाई घाईघाईनं पदर ओढत म्हणाल्या. "आणि मला कुठे डोंगर चढायचाय?"

"मैं कौन-सा हिमालय चढ़ती हूँ, बहनजी? यही ज़ीना, दिन में चालीस बार." दुर्गाबाई जिन्यात वाकल्या. "सुनो जी, इंदौर फ़ोन लगाओ. छत्तीस में दो बहनजी के मँगवाओ, और दो मेरे."

खालून श्रीनाथजींनी विचारलं, "तुम्हारा नंबर क्या है?"

दुर्गाबाई आत आल्या, फीता चारुलताबाईंच्या हातात दिला आणि दोन्ही हात वर करून उभ्या राहिल्या.