कडेचं प्यादं

चौलच्या देवळात कीर्तन सुरू होण्याआधी बुवांनी क्रांतीला बुक्का लावून नारळ दिला. पोर बुद्धिबळात जिल्ह्यात पहिली आली होती. "आणि हिचा गुरू कोण, तर म्हणे कॉम्प्युटर!" बुवा कौतुकाने म्हणाले.

पुढच्या रांगेत रावजी मास्तर बसले होते. तीस वर्षं याच सभामंडपात त्यांनी गावाला बुद्धिबळ शिकवलं, आणि नारळ मात्र निघाला यंत्राच्या नावाने!

बुवांनी निरूपणाला नेमका मत्सर घेतला. मास्तर मान डोलवत राहिले, पण डोळे नारळावरच.

आरती झाल्याझाल्या त्यांनी क्रांतीला गाठलं. "डाव सुरू झाला की कडेचं प्यादं पुढे ढकलत सुटतेस म्हणे? माझ्याकडे असतीस तर वर्गातून उठवलं असतं. त्या डबड्यानेच शिकवलं ना हे?"

"न्हाय मास्तर, आयनं शिकवलं. कॉम्प्युटर आता म्हणतोय चाल बरोबर हाय, आय तर आधीपासूनच म्हणते."

"आणि तुझी आई कुठे शिकली बुद्धिबळ?"



"तुमच्याकडंच की. याच चालीवरून तुम्ही तिला वर्गातून उठवलं होतं."